शामराव, तुमचं उत्तराचं कार्ड

शामराव,

तुमच्या शेवटच्या जोडकार्डातलं, उत्तरासाठी जोडून आलेलं कोरं पोस्टकार्ड माझ्या टेबलावर आहे. त्यावरचा पत्ता तुमच्याच हातचा. नकाशावर गावांची नावं लिहावीत तशी सुटी, सरळ अक्षरं. दर वेळी पत्ता साताऱ्याचा असायचा, या वेळी कडेगावचा होता. तुम्ही रजा काढून घरी आला आहात, म्हणजे तब्येतीचं काहीतरी असणार, एवढं मला त्या पत्त्यावरूनच कळायला हवं होतं. कळलं नाही. मी नेहमीप्रमाणे प्रश्न वाचला आणि कार्ड पुस्तकात घालून ठेवलं.

प्रश्न एका ओळीचा होता. "दादा, पाझर चुकला का प्रवाह? एकदा सांगा. बाकी बरं आहे."

बाकी बरं नव्हतं. डोळे पिवळे झाल्यावर तुम्ही ते लिहिलंत, असं तुमच्या मंडळींनी, तानूवहिनींनी, मला नंतर सांगितलं. तुम्ही काविळीनं गेलात, फिटनं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गेले पंधरा दिवस मला त्याच एका गोष्टीचा आधार वाटतो आहे, आणि त्या आधाराची लाजही वाटते आहे.

दहाव्याला मी कडेगावला आलो होतो. तुमचे थोरले भाऊ, सुभेदार, मला ओट्यावर घेऊन बसले. पेन्शनीत आले तरी त्यांची पाठ अजून परेडवर असल्यासारखी ताठ. मग म्हणाले, "धाकटा तुमास्नी दादा म्हणायचा. मला भ्यायचा, तुमाला मानायचा. तवा तुमालाच इचारतो. ते गणित का काय त्यो वहीत करत हुता, ते चुकलं म्हणून चार वर्सं मनात कुढत ऱ्हायला. खरंच चुकलं हुतं का?"

मी म्हणालो, "त्यांचं काम फार चांगलं होतं."

"चांगलं हुतं का, ते न्हाई इचारलं मी."

तेवढ्यात त्यांना आतून कुणीतरी हाक मारली आणि ते उठले. मी सुटलो. एसटीत बसल्यावर मला कळलं की गेली चार वर्षं मी तुमच्याशी बोलताना दर वेळी असाच सुटत आलो आहे. फक्त हाक मारणारं कुणी नसायचं, मीच मला हाक मारून उठवत असे.

म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं ठाऊक असण्याचा हक्क तुम्हाला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. मी सांगलीला औषधशास्त्र शिकवत होतो आणि बुधवारी फिटच्या पेशंटांना तपासत होतो. तुम्ही शेवटचा नंबर लावून आलात, सगळे गेल्यावर. दार लोटून घेतलंत आणि उभ्यानंच बोललात. सैन्यात सर्व्हेच्या कामावर होता, दोनदा फिट आली, वैद्यकीय बोर्डानं अपात्र ठरवलं, बोर्ड आऊट होऊन घरी आलात, आता पाटबंधारे खात्यात पलूसकडच्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावता.

"गावात काय सांगितलंय?" मी विचारलं.

"नजर कमी झाली म्हणून सोडलं."

"आणि नजर?"

"घारीगत हाय," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदा हसलात.

केसपेपरवर मी ठरलेले प्रश्न विचारले. तंबाखू? तुम्ही खिडकीकडं बघत "न्हाई" म्हणालात. तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख चुन्यानं पांढरं झालेलं मला दिसत होतं. मी "नाही" लिहिलं.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एका परदेशी मासिकातली आकृती पडलेली होती. चौकोनच चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. गोळी घेतली की औषध रक्तात उतरतं; रक्त ते यकृताकडं नेतं, चरबीकडं, स्नायूंकडं, मेंदूकडं, तसंच गालाजवळच्या लाळग्रंथींकडंही. कुठल्या अवयवाकडं मिनिटाला किती रक्त जातं आणि तिथं किती औषध मुरतं हे मांडता आलं, तर कुठल्याही घटकेला औषध कुठं किती आहे याचा हिशेब बांधता येतो, असा त्या लेखाचा विचार होता. मला त्यातल्या लाळेचं आकर्षण होतं. आमच्या बाजूची माणसं रक्त द्यायला बिचकतात. एक सुई टोचली की महिनाभर अंगात ताकद नाही म्हणतात. रक्ताऐवजी थुंकीत औषध मोजता आलं आणि त्यावरून रक्तातलं ओळखता आलं, तर फिटच्या प्रत्येक माणसाची मात्रा नीट लावता आली असती. पण त्या चौकोनांचं गणित मला झेपत नव्हतं.

तुम्ही ती आकृती स्वतःकडं फिरवली. बराच वेळ बघितलीत.

"डॉक्टर, हे तर आमचं पाळीपत्रक हाय."

"काय?"

"आवं, हे हृदय म्हंजी हेड. तितनं पाणी सुटतं. ह्या चाऱ्या, ह्या पोटचाऱ्या. हे एवढं मोठं खोकं कसलं?"

"स्नायू."

"थोरलं रान. पाणी लय पितंय, पर सावकाश. आन हे चरबीचं? टेलचं रान. पाणी उशिरा पोचणार, पर एकदा मुरलं की लवकर सुटायचं न्हाई." मग तुम्ही लाळग्रंथीच्या चौकोनावर बोट ठेवलंत. "हे बारकं, पर पाटाच्या कडंचं. पाणी भरपूर. धरून ठेवत काय न्हाई."

मला दोन वर्षांत जे धड कळलं नव्हतं ते तुम्ही पाच मिनिटांत वाचून दाखवलंत. त्या दिवशी तुमची गोळी लिहून द्यायची मी विसरलो आणि तुम्हीच आठवण करून दिलीत.

मग सुरू झालं ते काम. तुम्ही लांब वही आणलीत. वर ओळीनं रकाने अवयवांचे, खाली एकेका तासाची एकेक ओळ. पहिल्या तासाला इतकं औषध हेडला, त्यातलं इतकं या चारीला, इतकं त्या चारीला, इतकं मुरलं, इतकं परत आलं. दुसऱ्या तासाला पुन्हा तेच. हातात स्लाइड रूलची सरकती पट्टी, कानावर पेन्सिल. प्रत्येक पानाची दुसरी प्रत काढून मला द्यायचात, कारण नकाशाची एकच प्रत ठेवणारा माणूस मूर्ख असतो असं तुम्हाला सैन्यात शिकवलं होतं. रक्तातलं काही औषध प्रथिनांना चिकटून असतं, ते ग्रंथीत उतरत नाही, हे मी सांगितलं, तेव्हा मी अजून वाक्य जुळवत होतो, तोवर तुम्ही म्हणालात, "म्हंजी मीठ पाझरतं, गाळ न्हाई पाझरत." मी आजही वर्गात तेच वाक्य सांगतो. हृदयाला हेड म्हणतो, मुलं हसतात आणि विसरत नाहीत. हे कुणाचं, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

एक दिवस तुम्ही विचारलंत, "दादा, ह्या ग्रंथीचं रान कसलं धरायचं?" तोवर मी डॉक्टरचा दादा झालो होतो.

"कसलं म्हणजे?"

"चोपण का चांगलं? एकाच चारीवर दोन रानं असत्यात. पाणी तेवढंच, पाझर बी तेवढाच. पर चोपण रानात खार अडकून बसतो, हलत न्हाई. मोजायला गेलं की तितंच लय भरतो."

प्रश्न अचूक होता. लाळ किती आंबट आहे किंवा किती त्याच्या उलट, यावर औषध तिच्यात किती अडकतं हे ठरतं. त्यातही तुमची फिटची गोळी अशी की तोंड अल्कधर्मी झालं की ती लाळेत साठून राहते. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. पण परदेशी पुस्तकात लाळेचा एक ठरलेला आकडा दिला होता आणि मला पुढं जायची घाई होती. मी तुमच्या हातातलं पेन घेतलं आणि 'रान' या रकान्यात तो आकडा घालून माझ्या अक्षरात लिहिलं: सर्वांना सारखे.

थुंकी गोळा करणं हे त्या दिवसांतलं सगळ्यांत गमतीचं काम. पलूसचे बंडूतात्या आठवतात? वीस वर्षांचा फिटचा आजार आणि पन्नास वर्षांचा खवचटपणा. मी काचेची नळी पुढं केली तर म्हणाले, "डाक्टर, थुकायला सांगलीला बोलावलंसा व्हय? थुकी तर पलूसला बी पडती." लाळ सुटावी म्हणून त्या परदेशी लेखात मेणाचा तुकडा चघळायला देतात, म्हणून मी मेणबत्ती कापून दिली. तात्यांनी ती चावली, गिळली आणि म्हणाले, "आता वात बी द्या, पोटात उजेड पाडू." तुम्ही हसून हसून वहीवर शाई सांडलीत. तो डाग माझ्या प्रतीवर नाही, तुमच्या वहीवर असेल.

तुम्ही पहाटेच्या एसटीनं यायचात. प्रयोगशाळेच्या मागं दगडी पायऱ्या होत्या, तिथं बसून माझी वाट बघायचात. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अंगठ्यानं मळणं, टाळी मारून गालात ठेवणं. हे मी एकदा कोपऱ्यावरून पाहिलं आणि तसाच चार पावलं मागं गेलो. तिथून मोठ्यानं खोकलो. परत आलो तेव्हा तुम्ही नळावर चूळ भरून उभे होता, मिशा ओल्या.

"आलासा, दादा?"

"आलो."

त्यानंतर मी दर वेळी कोपऱ्यावर खोकत असे. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. वाईला माझे वडील पन्नाशीतही थोरल्या काकांसमोर तंबाखू खात नसत आणि काका खोलीत शिरण्यापूर्वी खडावा वाजवत. धाकट्यानं लपवायचं, थोरल्यानं न पाहिल्यासारखं करायचं. त्यात प्रेम असतं. मला तुम्ही थोरला मानलंत याचा मला अभिमान होता; त्या खोकण्याचाही होता. चूळ भरून दोन मिनिटं होतात न होतात तोच मी तुमच्या पुढं नळी धरत होतो आणि तुम्ही तीत थुंकत होता.

मी औषधशास्त्राचा शिक्षक होतो. चुना म्हणजे काय हे मला माहीत होतं. तंबाखूनं लाळेला पूर येतो आणि भराभर सुटलेली लाळ मुळातच कमी आंबट असते, हेही माहीत होतं. पण हे ज्ञान वर्गात राहायचं आणि खोकणारा माणूस पायऱ्यांवर. दोघांची कधी गाठ पडली नाही. परदेशी पुस्तकातली माणसं चुना खात नाहीत, एवढं तरी सुचायला हवं होतं.

मग तो आकडा आला. तुमच्या गणितानं सांगितलं होतं त्याच्या दुप्पट औषध यंत्रानं तुमच्या लाळेत दाखवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुप्पट. बाकीच्या पेशंटांचेही आकडे इकडंतिकडं पळत होते. त्याला मी माणसामाणसांतला फरक म्हणून मोकळा झालो होतो. तुमचा आकडा मात्र मला हवाच होता. पुण्याच्या परिषदेत मी निबंध वाचणार होतो. नुसत्या लाळेवरून मात्रा ठरवता येते, सुईची गरज नाही, हा माझा मुद्दा होता आणि तुम्ही माझं उत्तम उदाहरण होता.

"तुमच्या अंगात औषध फार झालंय, शामराव. मात्रा कमी करायला हवी."

"दुप्पट? आवं, मग मी झोपून ऱ्हायला पायजे हुतो. मी तर चारला उठून एसटी धरतोय."

"यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोलत न्हाई, पर त्येच्या म्होरं काय ठेवलं ते तर बघाय पायजे."

एवढं बोलून तुम्ही खाली पाहिलंत. स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलंत का, हे मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. खात्री नाही. मी काही विचारलं नाही एवढी खात्री आहे.

मग तुम्ही वही उघडलीत. दोनची एक गोळी केली तर काय होईल हे तुम्ही आधीच मांडून आणलं होतं. तिसऱ्या आठवड्यात औषध तुमच्या लाल रेघेच्या खाली जात होतं. ती रेघ म्हणजे ज्याच्या खाली फिट रोखली जात नाही ती पातळी. तुम्ही रेघ दाखवलीत, मी यंत्राचा कागद दाखवला. एक सुई टोचून रक्त तपासलं असतं तर दहा मिनिटांत वाद मिटला असता. तुम्ही सुईला कधी नाही म्हणाला नव्हता. पण सुईची गरज पडते हे मान्य करायची माझी तयारी नव्हती.

तुम्ही वही मिटलीत. "थोरल्याचा हुकूम," म्हणालात. आणि एक गोळी घ्यायला लागलात.

तिसऱ्या आठवड्यात, पाणीपाळी सोडायच्या सकाळी, पलूसच्या पुढं कालव्याच्या दारावर तुम्ही पडलात. पन्नासएक शेतकरी भोवती. दाराची चावी पाण्यात गेली, तुम्ही जाता जाता राहिलात; बंडूतात्यांनी सदरा धरून ओढलं. कुणीतरी जोडा काढून नाकाला लावायला धावलं, तर तात्या ओरडले, "जोडा हुंगवू नगा! कुशीवर घ्या त्येला! मला ठावं हाय, मी बी त्याच जातीचा!" तात्यांनी स्वतःचा आजार तोवर चारचौघांत कधी सांगितला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

दुपारी दवाखान्यात मी पुन्हा तुमची लाळ घेतली. पडायच्या आधी पाटाच्या कडेला बसून तुम्ही नेहमीसारखीच तंबाखू मळली होती, आणि शुद्धीवर आल्यावर परतही. आकडा गणितापेक्षा पुन्हा जास्तच आला. मी तो तुम्हाला दाखवला आणि म्हणालो की औषध अंगात पुरेसं होतं, फिट जागरणानं आली, तुमची लाल रेघ आणि हा तिसरा आठवडा हा योगायोग आहे. गणितात कुठंतरी चूक आहे.

"योगायोग," तुम्ही म्हणालात. "व्हय."

गोळ्या मी पुन्हा दोन केल्या. खबरदारी म्हणून, असं म्हणालो.

तुमचं काय काय गेलं ते मी मोजणार नाही, तुम्हाला ते पाठ होतं. दारावरचं काम गेलं. गावाला सैन्यातून येण्याचं खरं कारण कळलं. सुभेदार तुमच्याशी वर्षभर बोलले नाहीत. रोग झाला याचा राग नव्हता, भावापासून लपवलं याचा होता. तुमची बदली साताऱ्याला झाली, दप्तरखान्यात, जुने नकाशे सांभाळायला. पाण्याजवळ उभं राहायला तुम्हाला मनाई होती.

सहा महिन्यांनी मी साताऱ्याला तुम्हाला भेटायला आलो. तुम्ही कपाटांमधून वाट काढत मला जुन्या कालव्याचा कापडावरचा नकाशा दाखवलात, टेबलावर जागा केलीत, डबा अर्धा केलात. जेवणानंतर खिशातून डबी काढलीत. तंबाखूचीच डबी, पण आत बडीशेप.

"पडलो त्या आठवड्यातच सोडली. सुभेदार आण्णांच्या पायावर हात ठेवून. बोलत न्हाईत, पर पाय मागं घेतला न्हाई." तुम्ही माझ्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवलीत. "ही तुमच्या म्होरं खाता येती. खोकायला नगं."

आपण दोघं खूप हसलो. खोकणं तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं. त्या हसण्यात मी सगळं बोलू शकलो असतो. पण तोवर मला स्वतःलाच काही कळलेलं नव्हतं. मी तुमची लाळ नळीत घेऊन सांगलीला आलो. यंत्रावर ठेवली. आकडा तुमच्या वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू खाल्ली. शिपायाकडून चुना घेतला, तुमच्यासारखी मळली, गालात धरली. डोकं गरगरलं. चूळ भरली, दोन मिनिटं थांबलो आणि लाल लिटमस जिभेवर ठेवला. निळा झाला. मग मी तुम्ही दिलेली प्रत काढली आणि 'रान' या रकान्यातला माझा आकडा खोडून चोपण तोंडाचा घातला. बाकी एकाही आकड्याला हात लावला नाही. उत्तर दुप्पट आलं.

निबंध तोवर वाचून झाला होता. चांगला झाला असं लोक म्हणाले होते. त्यात एक वाक्य होतं की नुसतं गणित अपुरं पडतं, लाळेवर भरवसा ठेवावा. मी ते वाक्य परत घेतलं नाही. लाळ मोजणं गुपचूप बंद केलं, सगळ्या पेशंटांचं रक्त तपासून मात्रा नीट केल्या. कुणाला काही विचारायला जागा ठेवली नाही. फक्त तुम्ही विचारत राहिलात.

तुम्ही जोडकार्डच पाठवायचात. मी एकदा म्हटलं होतं, पाकीट पाठवा, चारचौघांच्या नजरेला पडतं. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं कार्ड म्हंजी दवंडी. पोस्टमन ओट्यावर उभा ऱ्हाऊन आधी वाचणार, गाव ऐकणार, मग मला देणार. ऐकू द्या की. आता लपवायचं काय ऱ्हायलंय?"

या वेळी आकडा जुळला, एवढंच मी तुम्हाला कळवलं होतं. पहिल्या कार्डावर तुम्ही लिहिलंत, "आता कसं जुळतं? मधे काय बदललं? रान बदलतं का?"

तेवढ्या एका कार्डाला मी उत्तर दिलं. "नाही. रान सर्वांचं सारखंच असतं."

हे मी पूर्ण शुद्धीत, खाली सही करून लिहिलं, शामराव. तुम्ही तंबाखू लपवलीत आणि मी हे लपवलं, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. चुना लाळेचं काय करतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसूनही तुम्ही बरोबर त्या दारापाशी येऊन उभे राहिलात, ते मी तुमच्या तोंडावर लावून घेतलं. त्यानंतर तुम्ही तीन-चार महिन्यांनी एकेक कार्ड टाकत राहिलात. यकृताचा वाटा कमी धरला का? तासाऐवजी अर्ध्या तासाची ओळ घ्यायला हवी होती का? मी मनाशी "भेटीत बोलू" म्हणत राहिलो. भेटीत नकाशांबद्दल बोललो. शेवटी तुमच्याकडं दोनच शक्यता उरल्या, पाझर नाहीतर प्रवाह: ग्रंथीत उतरणारं औषध नाहीतर तिच्याकडं जाणारं रक्त. खरं उत्तर त्या दोहोंत नव्हतं, कारण ते मी आधीच काढून टाकलं होतं. पिवळ्या डोळ्यांनी तुम्ही त्या दोन बरोबर आकड्यांत चूक शोधत होता.

मला तुमची माफी मागायची नाही. तुम्ही दिली असती, आणि ती दिल्यावर वही मिटून म्हणाला असता, "थोरल्याचं चुकतं कवा कवा." तेवढ्यावर मी पुन्हा सुटलो असतो.

पुण्याच्या परिषदेला मी आज पत्र पाठवलं आहे. निबंधातलं ते वाक्य मागं घेतलं आहे आणि गणित कुणाचं ते तुमचं पूर्ण नाव घालून कळवलं आहे. पण तिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. ज्यांनी विचारलं ते ओट्यावर बसलेले आहेत. म्हणून तुमचं उत्तराचं कार्ड भरलं. पत्ता तुमचाच ठेवला, तुमच्या नावाचा. मजकूर असा:

"शामराव, पाझर बरोबर. प्रवाह बरोबर. रान चोपण झालं होतं, चुन्यानं. मला ते दिसत होतं, मी विचारलं नाही. रान बदलत नाही हे मी तुम्हाला खोटं कळवलं. एका गोळीचा हुकूम माझा होता, त्यामुळं तुम्ही पडलात. गणितात चूक नाही. सुभेदारांना सांगावे."

अक्षर मोठं काढलं आहे. ओट्यावर वाचताना पोस्टमन कुठं अडखळायला नको.